मच्छी मार्केटमधलं थर्माकोल: यंत्र घेण्याआधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही बेळगावातले तिघे मित्र. कॅम्पातल्या मच्छी मार्केटमध्ये, एपीएमसी यार्डात आणि फळांच्या दुकानांत थर्माकोलच्या पेट्या रोज फेकल्या जातात. त्या गोळा करून वितळवायचं यंत्र घ्यायचा विचार आहे. वडगावला शेड आहे. हा धंदा चालेल का? कुठलं यंत्र घ्यावं? लग्नकार्यातली थर्माकोलची ताटं-द्रोणही त्यात घेता येतील का?

यंत्राची ऑर्डर अजून दिली नसेल तर थोडं थांबा. धंदा होण्यासारखा आहे आणि तो आपल्या गावात व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण प्लास्टिकच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, थर्माकोलमध्ये यंत्र हा शेवटचा प्रश्न असतो. माल कुठे दाबायचा आणि तो किती कोरडा व स्वच्छ हातात येतो, हे दोन प्रश्न आधीचे. या दोन्हींची उत्तरं मार्केटच्या आवारात मिळतात, वडगावच्या शेडमध्ये मिळत नाहीत.

थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्यात प्लास्टिक जेमतेम दोन टक्के, बाकी ९८ टक्के हवा. घन पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा किंचित जड असतं, पण पेटीतल्या फुगवलेल्या मालाचं वजन घनमीटरला साधारण २० किलो भरतं. मासळीची दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर उंच पेटी घ्या. ती रिकामी असताना अर्धा किलोच्या आसपास भरते. म्हणजे टनभर मालासाठी दोन हजारांच्या घरात पेट्या लागतात. आता एका छोट्या हत्तीत दोऱ्या बांधून, उंच रचून, ६०-७० पेट्या बसतात. गाडीची ताकद ७०० किलोंची, आणि तुम्ही वाहून नेताय ३०-३५ किलो. कॅम्पातून वडगावला रोज अशा खेपा करायच्या म्हटलं तर डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार मालाची सगळी किंमत खाऊन टाकतील. इथे अनेकांचं गणित पहिल्याच महिन्यात फसतं, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

हाच माल मार्केटच्या आवारात दाबला की चित्र पालटतं. थंड दाबाच्या, म्हणजे माल न तापवता दाबणाऱ्या, स्क्रू प्रेसमधून निघालेला ठोकळा घनमीटरला साधारण ३०० किलोंचा असतो. तोच छोटा हत्ती आता पूर्ण ७०० किलो उचलतो आणि ठोकळ्यांची रास पेट्यांच्या साधारण निम्म्या उंचीत बसते. म्हणून दाबयंत्र मार्केटला लागून पाहिजे. वडगावची शेड ठोकळे साठवायला आणि पुढच्या कामाला ठेवा.

आता यंत्राची भूक बघू. लहान प्रेससुद्धा तासाला ५० किलोंच्या आसपास माल खातो, म्हणजे शंभरेक पेट्या. तुमच्या मार्केटमधून रोज शंभर पेट्या निघत असतील तर यंत्र दिवसातून एक तास चालणार आणि उरलेला वेळ बंद राहणार. महिन्याचे २५ दिवस धरले तर सव्वा टन माल. कर्जाचा हप्ता, थ्री फेजचं हेस्कॉमचं वीजबिल, एक माणूस आणि जागेचं भाडं हे सगळं सव्वा टनावर निघणं कठीण. म्हणून आधी महिनाभर फक्त मोजणी करा. वही घ्या आणि रोज कुठून किती पेट्या निघाल्या, त्यातल्या किती फुटल्या, किती ओल्या होत्या, ते लिहा. श्रावणात मासळी कमी होते, कोकण-गोव्याकडच्या मासेमारी बंदीत समुद्राचा माल घटतो, डिसेंबरात पुन्हा वाढतो. एका आठवड्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

नुसत्या मासळीवर विसंबून राहू नका, हेही त्यातून कळेल. टीव्ही-फ्रिजच्या दुकानांतून निघणारं पांढरंशुभ्र कोपऱ्याचं पॅकिंग, औषधांच्या ठोक विक्रेत्यांकडच्या थंड पेट्या, उद्यमबागेतल्या कारखान्यांत येणाऱ्या सुट्या भागांचं पॅकिंग, हा माल स्वच्छ, कोरडा आणि वासाविना असतो. त्यावर यंत्र पोसलं जातं आणि मासळीची पेटी त्याच्या जोडीला चालते. मात्र दोन्हींचे ठोकळे वेगळे ठेवायचे. एकत्र दाबले की सगळ्या मालाला मासळीचा भाव मिळतो.

वितळवायच्या यंत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मासळी मार्केटच्या मालासाठी ते घेऊ नका. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि नीट वितळायला दोनशेच्या आसपास तापमान लागतं. त्यातून निघणारी लादी जास्त घट्ट असते, हे खरं. पण त्याला माल कोरडा आणि स्वच्छ लागतो. ओली पेटी आत गेली की पाण्याची वाफ होते, लादीत फुगे धरतात, खरकटं जळतं आणि लादी तपकिरी पडते. शिवाय तापलेल्या पॉलिस्टायरीनमधून स्टायरीनची वाफ येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये स्टायरीनचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' गटात केला. वाफ ओढून घेणारी धुरांडी आणि गाळणी नसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तुमचा माणूस दिवसभर ती हुंगणार असेल, तर असा धंदा न केलेला बरा. काही भंगारवाले उघड्या कढईत थर्माकोल वितळवतात. तसलं काम बघून 'एवढं सोपं आहे' असं मनात आणू नका. पेट्रोल किंवा थिनरमध्ये विरघळवायचे व्हिडिओही फिरतात. माल आटतो खरा, पण हातात राहतो तो पेट घेणारा चिकट गोळा, आणि कुठलाही प्रामाणिक दाणेवाला, म्हणजे जुन्या प्लास्टिकचा दाणा करणारा, तो घेत नाही.

थंड प्रेसमध्ये आधी क्रशरचे दात पेटी फोडतात, मग स्क्रू तो चुरा निमुळत्या तोंडातून रेटतो. दाबानं हवा निघून जाते आणि चौकोनी ठोकळा बाहेर येतो. थोडं दमट असेल तर पाणी दाबानं बाहेर पडतं. धूर नाही, वाफ नाही. क्रशरभोवती बारीक जाळीचा पिंजरा हवाच, नाहीतर थर्माकोलचे सुटे मणी सगळ्या आवारात उडतात. थंडीत कोरड्या हवेत ते अंगाला, पत्र्याला, कपड्यांना चिकटून बसतात. थोडा पाण्याचा फवारा मारला की खाली बसतात.

मासळीची एक पेटी हातात घेऊन बघा, म्हणजे काम कुठे आहे ते कळेल. किनाऱ्यावरून घाट चढून आलेली पेटी पहाटे उघडते. झाकणाच्या चारी बाजूंनी तपकिरी चिकटपट्टी असते. वर व्यापाऱ्याचं नाव मार्करनं लिहिलेलं, कधी कागदाचं लेबल चिकटवलेलं. आत बर्फाचं पाणी, रक्त, खवले, आणि तळाच्या कोपऱ्यात पापलेटच्या शेपटीचा तुकडा अडकलेला. हे सगळं पहाटे ओलं असतं आणि सहज निघतं. पेटी उपडी करून झटकायची, साध्या पाण्याचा एक हात मारायचा, पट्टी ओढून काढायची आणि रॅकवर उपडी ठेवायची. हेच दुपारी बारानंतर करायला जा. रक्त सुकून मण्यांच्या फटीत बसतं, माशा घोंघावतात, आणि पट्टी ओढली की थर्माकोलचा पापुद्रा घेऊनच निघते. मग पेटीला ब्रश आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी लागतं, आणि ते पाणी कुठे सोडायचं हा नवाच प्रश्न उभा राहतो. त्यामुळे मासळीच्या पेटीवरचं काम सकाळी दहाच्या आत उरकलं पाहिजे. मासळीवाल्या बायकांशी आणि हमालांशी हे ठरवून घ्या: झाकण वेगळं, पट्टी काढलेली, पाणी ओतून दिलेलं. एवढं त्यांनी केलं तर तुमची निम्मी मजुरी वाचते.

त्यासाठी पैसे किलोवर देऊ नका, नगावर द्या. हा मुद्दा मी प्रत्येकाला सांगतो. कचरावेचक बाई पोतंभर थर्माकोल पाठीवर घेते तेव्हा त्यात एक किलोही नसतो. तेवढ्याच पोत्यात बाटल्या घेतल्या तर तिला कितीतरी जास्त मिळतात. किलोचा दर कितीही चांगला लावला तरी तिच्या पाठीचा हिशोब जुळत नाही, म्हणून ती थर्माकोल तिथेच टाकते. अख्ख्या पेटीला अमुक, झाकणाला अमुक, असा नगाचा दर बांधा. पट्टी काढून कोरडी आणली तर वर थोडे जास्त. माल आपोआप येऊ लागेल.

दाबण्याआधी एक चाळण मात्र मारा. जी पेटी अख्खी आहे, झाकण धड आहे, तिला फोडायचं कारण नाही. मालवण, वेंगुर्ला, गोवा, कारवारकडून माल घेऊन आलेल्या गाड्या परत जाताना बऱ्याचदा रिकाम्या असतात. धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या पेट्या त्याच गाडीनं खाली जाऊ शकतात. पेटी पुन्हा वापरली की तिची किंमत ठोकळ्यापेक्षा कितीतरी जास्त मिळते. फक्त मासळीची पेटी मासळीलाच. भाजी, दूध किंवा खव्यासाठी ती कोणी मागितली तरी देऊ नका. आणि फुटलेली, भेगा पडलेली पेटी परत पाठवू नका, तिच्या फटीत घाण राहतेच.

पांढरं दिसतं ते सगळं थर्माकोल नसतं. सफरचंदाला, पपईला घालतात ती जाळीदार टोपी आणि इलेक्ट्रॉनिक मालाभोवतीचा मऊ, वाकणारा फोम हे पॉलिथीन आहे. थर्माकोल बोटांनी मोडलं की कट्कन तुटतं आणि तुटलेल्या कडेला गोल मणी स्पष्ट दिसतात. फोम वाकतो, ताणतो, तुटत नाही. ही दोन प्लास्टिकं वितळल्यावर एकमेकांत मिसळत नाहीत. ठोकळ्यात थोडा जरी फोम गेला तरी पुढे दाण्यात सालं सुटतात आणि वस्तू ठिसूळ निघते. शंका आली तर चिमूटभर माल वितळवून, फुगा न राहू देता तुकडा पाण्यात टाका. पॉलिस्टायरीन बुडतं, पॉलिथीन तरंगतं. ही परीक्षा चिमटीएवढ्या मालावर आणि मोकळ्या हवेत करा.

आणखी एक माल वेगळा ठेवा: शीतगृहाच्या भिंतींत किंवा छपराखाली बसवलेल्या जुन्या थर्माकोलच्या शीट. बांधकामाच्या थर्माकोलमध्ये आग मंद करण्यासाठी एचबीसीडी नावाचं रसायन घालायची पद्धत जगभर होती. घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ते २०१३ मध्ये गेलं. असा माल खाण्याच्या मालाच्या पॅकिंगमध्ये मिसळू नये. गणपतीच्या मखरातला रंग-चमकी लावलेला मालही नको. रंगाचा एक ठिपका सगळा दाणा मळकट करतो.

ठोकळा घेणारा कोण, हे यंत्राच्या आधी पक्कं करा. पॉलिस्टायरीनच्या ठोकळ्यापासून दाणा करणारे लोक असतात. त्या दाण्यापासून फोटो फ्रेमच्या पट्ट्या, कपड्यांचे हँगर, मोजपट्ट्या, पेनाचे भाग होतात. थर्माकोलमधून आलेला दाणा ठिसूळ असतो, म्हणून त्यात रबर मिसळलेलं, चिवट पॉलिस्टायरीन घालतात. खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी हा दाणा वापरायचा नाही, कोणी मागितला तरी नाही. कोल्हापूर-सांगली आणि पुणे-मुंबईकडच्या दाणेवाल्यांना आधी फोन करा. हाताला मिळेल तिथून दाबून आणलेला एक नमुना ठोकळा घेऊन स्वतः जा. तो माणूस ठोकळ्याचा कोपरा तोडेल, आत पट्टी दिसते का, रंग पिवळट आहे का बघेल आणि नाकाला लावेल. वास आला की भाव उतरतो. मासळीच्या आणि कोऱ्या मालाच्या ठोकळ्यांचा दर वेगवेगळा विचारा, आणि गाडीचं भाडं कोणाच्या माथी ते तिथेच ठरवा. पॉलिस्टायरीनचा भाव कच्च्या तेलाबरोबर वर-खाली होतो. नवा दाणा स्वस्त झाला की जुन्याला कोणी विचारत नाही, हे धरून दोन महिन्यांचा माल ठेवता येईल एवढी जागा आणि तेवढा खर्च हाताशी असू द्या.

कोणीही घेत नाही असा मळका चुरा उरतोच. तो सिमेंटमध्ये मिसळून हलके ब्लॉक करता येतात. भिंतीच्या भरावाला ते चालतात, भार पेलायला नाही. कुंडीत किंवा रोपवाटिकेच्या मातीत मणी मिसळायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. कुंडी रिकामी झाली की ते मणी मातीतच राहतात.

कागदपत्रांचं काम वाटतं तितकं अवघड नाही, पण वेळ खातं. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, म्हणजे आपल्याकडे कर्नाटकच्या मंडळाकडे. नुसतं दाबून विकणार असाल तर तुम्हाला नेमकं काय लागू होतं ते मंडळाच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका. कॅम्पातली जागा हवी असेल तर विचारणा कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आणि शहरातली हवी असेल तर महानगरपालिकेकडे, ही दोन दारं वेगळी आहेत. अर्ज कन्नडमध्ये नीट लिहून देणारा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, फाईल फिरत राहण्यात महिने जातात. माल महाराष्ट्रात पाठवताना ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. ठोकळा जड झाल्यावर ही मर्यादा लवकर गाठली जाते.

आगीबद्दल एकदाच सांगतो, पण ते शेडच्या भिंतीवर लिहून ठेवा. थर्माकोल पेटलं की वितळतं, ठिबकतं आणि काळ्या दाट धुरात माणसाला दार दिसत नाही. न दाबलेल्या पेट्यांचा ढीग शेडमध्ये साठवू नका. आला तसा दाबा. ढिगांमध्ये चालायची वाट ठेवा, वायरिंग उघडं नको, बिडी-सिगारेट आवाराबाहेर. वेल्डिंगचं काम निघालं तर आधी माल बाहेर काढा. वडगावसारख्या दाटीच्या वस्तीत शेड असेल तर हे दुप्पट कडकपणे पाळा.

तुम्ही विचारलं नाही तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्केटमागे टाकलेली पेटी पावसात फुटते, मणी गटारातून बळ्ळारी नाल्यात जातात. पावसाळ्यात नाल्याचं पाणी शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात शिरतं, तेव्हा ज्या मातीत आपला बासमती पिकतो तिथे ते पांढरे दाणे उतरतात. भाताच्या बांधाला अडकलेले मणी हातानं वेचायला जा, एक उचलला की दोन निसटतात. पेटी अख्खी असते तोवरच ती उचलता येते. एकदा मणी सुटले की कुठल्याही यंत्राचा उपयोग नाही. तुमचं काम पावसाळ्याआधी उभं राहिलं तर त्या शेतकऱ्यांचा भार थोडा तरी हलका होईल, आणि मार्केटवाल्यांना राजी करताना हे त्यांना सांगा. त्यातल्या कित्येकांची शेती तिथेच आहे.

राहिला ताटं-द्रोणांचा प्रश्न. ते घेऊ नका. ती पातळ शीटची ताटं असतात, त्यात मणी नसतात, वर कधी प्लास्टिकचा थर असतो, आणि आमटी-तेल त्यात मुरलेलं असतं. ती धुऊन वाळवायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. शिवाय थर्माकोलच्या ताट-वाटी-कपांवर कर्नाटकात मार्च २०१६ पासून बंदी आहे, महाराष्ट्रात २०१८ मध्ये आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ताट-कपांवर देशभर बंदी आहे. बंदी असलेला माल तुम्ही विकत घेताय असं दिसलं तर तुमच्या चांगल्या कामाकडेही संशयानं बघितलं जाईल. लग्नाच्या हॉलवाले विचारायला आले तर त्यांना केळीच्या पानाची किंवा पळसाच्या पत्रावळीची सोय करून द्या. खानापूरकडून पत्रावळ्या मिळतात का, ते चौकशी करून बघा.